मामाजींच्या खोलीतला कॅमेरा

पत्र :

ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. ३० वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाल्ला. दोन वर्षांपूर्वी गालाचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, पण तो पुन्हा निघाला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या आणि सेवा करा. सेवा मी करते. आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेत, आमचे हे दिवसभर वावरात, सध्या कापसाची वेचणी आहे.

माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, पुण्याला नोकरीत आहेत. मन मोठं आहे त्यांचं, पैसा तेच लावतात. दिवाळीला आले तेव्हा मामाजींच्या बाजेसमोर कॅमेरा बसवून गेले, आवाजही ऐकू जातो. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणलं. ग्रुप काढला, त्यात १४ जण आहेत. चार वेळा आकडे टाकायचे, नाही टाकले तर फोन येतो. भासऱ्यांसमोर आम्ही पदर घेतो, आता दिवसभर कॅमेऱ्यासमोर पदर घेऊन काम करते. मामाजींची पट्टी बदलताना, त्यांना लघवीचं भांडं देताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. कॅमेरा आल्यापासून मामाजी भिंतीकडे तोंड करून निजतात. त्यांना आता नीट बोलता येत नाही, जखमेला वास येतो, रात्रभर कण्हतात. मागच्या महिन्यात गाडीने नागपूरला नेलं तर खड्ड्याखड्ड्याला ओरडले. परत आल्यावर माझ्यापुढे हात जोडले, आता नेऊ नका म्हणून. मी कॅमेरा बंद केला तर चुकेल का? आणि इतकं सगळं फोनवर होतं म्हणतात, तर दुखण्याचं औषध फोनवर नाही का मिळणार?

– एक सून

उत्तर :

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच ओळीत देते. कॅमेरा बंद करा. तुमचं काही चुकणार नाही. फक्त पिन काढण्याआधी एक करा, मामाजींना विचारा. ‘मामाजी, हे राहू देऊ की काढू?’ बोलता येत नसलं तरी त्यांना मान हलवता येते, तुमच्यापुढे हात जोडता आले म्हणजे कळतंही सगळं. ती बाज त्यांची, ते शरीर त्यांचं, आणि त्यांचा हा काळही त्यांचाच. कॅमेरा बसवताना हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून ते त्याचं उत्तर देत आहेत. त्यांनी ‘राहू दे’ म्हटलं, तर निदान पट्टी, अंघोळ आणि भांडं यांच्या वेळी त्यावर रुमाल टाकायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

मी बरीच वर्षं वऱ्हाडातल्या गावांमध्ये अशा रुग्णांच्या घरी जाणारी परिचारिका होते. आता डॉक्टर ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ते काम. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही माणसाचं दुखणं, मळमळ, भीती, घरच्यांची ओढाताण कमी करता येते. तुमच्या डॉक्टरांनी ‘सेवा करा’ म्हटलं ते याच अर्थाने, पण सेवा कशी करायची हे सांगायला त्यांना वेळ झाला नसावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ज्यांना अशा शुश्रूषेची गरज आहे, त्यांच्यातल्या सुमारे १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोचते. उरलेल्यांच्या घरी तुमच्यासारखी एक सून, एक मुलगी किंवा एक बायको एकटीच असते. फोनचा खरा उपयोग तिला व्हायला हवा, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आता ते आकडे. ऑक्सिजन ९४ की ९६, हे चार वेळा पाहून मामाजींचं काहीही हलकं होणार नाही. ज्या आकड्याने होईल तो कुणीच विचारत नाहीये. दुखतं किती? जे बोलू शकत नाहीत त्यांच्याकडूनही तो घेता येतो. त्यांना सांगा, मूठ मिटली म्हणजे अजिबात दुखत नाही, दोन्ही पंजे उघडले म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, मधलं जेवढं असेल तेवढी बोटं दाखवा. सकाळी, दुपारी, झोपताना, आणि रात्री जाग आली तर तेव्हा. नातवंडांच्या जुन्या वहीत तारीख, वेळ, किती बोटं, कोणती गोळी दिली, त्यानंतर तासाभराने किती बोटं, एवढंच लिहा. जोडीला झोप किती तास आणि पोट साफ झालं की नाही. तीन दिवसांचं असं पान डॉक्टरांसमोर गेलं, की त्यांना औषध ठरवायला जो आधार मिळतो तो त्या ग्रुपवरच्या महिनाभराच्या आकड्यांतून मिळणार नाही. ऑक्सिजनचं यंत्र डॉक्टरांनी मागितलं तरच वापरा.

आता दुसरा प्रश्न. बरंच काही फोनवर होतं, ताई. जे होतं ते तुम्हाला पूर्ण मिळालंच पाहिजे, आणि जे होत नाही ते मी लपवणार नाही.

तुमच्या गावाला किंवा शेजारच्या गावाला उपकेंद्र असेल. त्याच्या पाटीवर आता बहुधा आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलेलं असेल. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. वयस्कांची काळजी आणि पॅलिएटिव्ह सेवा या त्यांच्या ठरवून दिलेल्या कामातच येतात, तेव्हा मागायला संकोच करू नका. तिथून ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलता येतं. २०१९ साली सुरू झालेली ही सेवा मोफत आहे. आशाताईंना बरोबर घेऊन जा. मामाजींना उचलून न्यायची गरज नाही. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने काळजी घेणाऱ्या माणसाने बोललेलं नियमांना चालतं. नागपूरचे सगळे कागद, ती वही आणि जखमेचे फोटो घेऊन तुम्ही जा. आणि त्या अधिकाऱ्यांना विनंती करा, आठवड्यातून एकदा घरी येऊन तिथूनच फोन लावाल का? काही जण आनंदाने येतात. विचारल्याशिवाय कळणार नाही.

जखमेचा फोटो कसा काढायचा तेही सांगते. दिवसा, दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पट्टी काढून जखम धुतल्यावर. दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावरून, म्हणजे वाढली की कमी झाली ते समजतं. मामाजींचे डोळे फोटोत येऊ देऊ नका. तो फोटो फक्त डॉक्टरांना किंवा परिचारिकेला पाठवायचा आणि पाठवून झाला की फोनमधून पुसून टाकायचा. ग्रुपवर तो कधीही टाकायचा नाही. कुठल्याही दूरच्या नातेवाइकाने आपल्या माणसाच्या उघड्या गालाचा फोटो चहा पिता पिता पाहावा, असं कुणाला वाटेल?

वासाबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, पण घरात तो किती मोठा असतो ते मला माहीत आहे. लोक येईनासे होतात, नातवंडं दारातून परत फिरतात, आणि त्या माणसाला हे सगळं दिसतं. यावर उपाय आहे. अशा जखमांना मेट्रोनिडाझोल नावाचं औषध लागू पडतं, कधी गोळी पोटात, कधी तिचीच पूड जखमेवर. ते किती आणि कसं, हे फोटो पाहून डॉक्टर सांगतील, तुम्ही फक्त नाव घेऊन विचारा. पट्टी कधीही कोरडी ओढू नका, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवा. माशी बसू देऊ नका. जखमेत अळ्या दिसल्या तर लाज न बाळगता त्याच दिवशी सांगा. त्यात कुणाचाही दोष नसतो आणि त्या काढता येतात. आणि घरात दोन गडद रंगाचे जुने टॉवेल वेगळे ठेवा. गालाच्या जखमेतून कधी अचानक रक्त येतं. गडद कापडावर ते कमी दिसतं, म्हणून रुग्ण आणि घरचे दोघंही कमी घाबरतात. तेव्हा फोन शोधत बसू नका, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि शेजाऱ्याला फोन करायला सांगा.

आता जे फोनवर होत नाही ते. मामाजींच्या दुखण्याला बहुतेक मॉर्फिन लागेल. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरचं ते जुनं, खात्रीचं आणि स्वस्त औषध आहे. पण २५ मार्च २०२० ला आपल्या देशात फोनवरून उपचार करण्याचे जे नियम आले, त्यांत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई केलेली आहे. म्हणजे ई-संजीवनीवरच्या डॉक्टरला तुमचं सगळं पटलं तरी मॉर्फिन त्याला लिहिता येणार नाही. औषध सांभाळून द्यावं हे मला मान्य आहे. पण एकदा तपासून नोंद झालेल्या, बाजेवरून न उठणाऱ्या माणसालाही हाच नियम लावणं मला फार जाचक वाटतं, आणि तो खेड्यातल्या रुग्णाला सगळ्यांत जास्त जाचतो. शहरातल्या माणसाला रिक्षाने जाता येतं. तुमच्या मामाजींना ते खड्डे आहेत.

म्हणून मॉर्फिनसाठी एक फेरी करावी लागेल, पण ती विचार करून करता येते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली बदल झाला. त्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन ठेवण्यासाठी चार-पाच परवाने गोळा करावे लागत नाहीत, मान्यताप्राप्त संस्था म्हणून एक मान्यता पुरते. तरी प्रत्येक ठिकाणी ते मिळतंच असं नाही, आणि गावातल्या मेडिकल दुकानात तर मिळणारच नाही. निघण्याआधी फोन करून विचारायचं. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल आणि तिथली कॅन्सर रुग्णालयं. नेमका प्रश्न असा विचारा : ‘तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का? ते कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर मिळतं? एकदा रुग्णाला दाखवलं की पुढच्या वेळी घरच्याने कागद घेऊन आलं तर चालेल का? एका वेळी किती दिवसांचं देता?’ यवतमाळला मिळालं तर नागपूरची वाट वाचली. जायच्याच दिवशी निघण्याआधी मामाजींना कोणती गोळी द्यायची, तेही आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. मागच्या वेळी ते ओरडले, कारण दुखण्यावर काही न देता त्यांना गाडीत बसवलं असावं.

मॉर्फिनचं नाव काढल्यावर घरात कुणीतरी म्हणेलच, ‘त्याची सवय लागते, ते शेवटचं औषध आहे.’ तसं नाही. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे दिलं तर ते व्यसन होत नाही आणि ते दिल्याने मरण लवकर येत नाही. वेदना असेल तेव्हा ते द्यायचं, मग आयुष्य आठवड्याचं राहिलेलं असो की वर्षाचं. साधं मॉर्फिन दर चार तासांनी लागतं. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, दुखण्याच्या आधी द्यायची. फोन तुमच्या खऱ्या कामाला येतो तो इथे. गजर लावा, सकाळी ६, १०, २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री दोनला तुम्हाला उठावं लागू नये म्हणून दहाचा डोस वाढवून देता येतो. ते डॉक्टरांना विचारा, बहुतेक हो म्हणतील. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच, कारण बद्धकोष्ठ ठरलेला असतो. गिळता येत नसेल तर साधी गोळी बारीक करून देता येते, पण जी हळूहळू काम करणारी मोठ्या मुदतीची गोळी असते ती कधीही कुटायची नाही. कोणती कोणती आहे ते डॉक्टरांकडून पाकिटावरच लिहून घ्या. आणि तोवर दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून आपल्या मनाने वाढवू नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

तुमच्या भासऱ्यांबद्दल मला राग नाही. ३०–३५ वर्षांपूर्वी ज्याने बंडीत बसवून जत्रेला नेलं, तो बाप तिकडे झिजतोय आणि आपण इकडे, हे सहन न होऊन त्या माणसाने कॅमेरा लावला. हातात काम नाही म्हणून ते आकडे मागतात. त्यांना काम द्या. तुम्ही त्यांच्याशी थेट बोलत नसाल, यजमानांना जमत नसेल, तर खालचा मजकूर माझ्या नावाने त्यांना पाठवा.

‘दादा, नमस्कार. तुमच्या घरच्या धाकट्या सुनेने सल्ला विचारला म्हणून लिहिते. तुमचे वडील चांगल्या हातात आहेत. कॅमेरा त्यांना नको आहे, तो काढू द्या. त्याऐवजी तीन कामं तुमच्याकडून हवी आहेत, जी गावातून होत नाहीत. एक, यवतमाळ, सेवाग्राम आणि नागपूरला फोन करून मॉर्फिन कुठे मिळतं ते या आठवड्यात शोधा. तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडिया या संस्थेची साथ-साथ नावाची फोनसेवा आहे, तिथेही विचारा, जवळ कुठे सोय आहे ते सांगतात. दोन, रोज सायंकाळी एकदाच, ठरलेल्या वेळी फोन करा आणि त्यात आकडे विचारू नका. बाबांना ऐकू येतं. पुण्यातलं, मुलांचं, ऑफिसातलं काहीही सांगा. त्यांना उत्तर देता येत नाही, तरी तुम्ही बोलत राहा. तीन, शक्य असेल तर दहा दिवसांची रजा काढून या आणि रात्रीची पाळी तुम्ही घ्या.’

तिसरं काम सगळ्यांत मोठं आहे. ती पाळी ते कॅमेऱ्यावरून करू शकत नाहीत.

ग्रुपबद्दलही यजमानांशी बोला. १४ जणांना रोज एकच निरोप पुरे, तोही यजमानांनी किंवा कॉलेजातल्या एखाद्या पोराने टाकावा. ‘बाबा आज शांत होते, पेज घेतली.’ ग्रुपवर कुणी काढे, भस्म, महागडी पावडर, ‘१५ दिवसांत गाठ विरघळली’ असलं काही पाठवलं तर वाचूही नका. अशा निरोपांपायी मी लोकांना शेवटच्या महिन्यात एकर विकताना पाहिलंय.

नेटवर्कचं तर तुम्ही लिहिलंच नाही, पण दारव्ह्याकडच्या गावांत पडदा अडकतो, चेहरा दिसतो तर आवाज जातो. अडलं तर साधा फोन लावा. डॉक्टरांना पाहायचं असेल ते फोटोत पाहतील, बाकी सगळं आवाजावर होतं. बोलण्याआधी चार प्रश्न वहीत लिहून ठेवा, नाहीतर फोन ठेवल्यावर आठवतात. लाइट जायच्या आत फोन भरून घ्या. आणि डॉक्टर, उपकेंद्र, आशाताई, १०८ यांचे नंबर खडूने भिंतीवर लिहा. रात्री आत्याबाईंना फोनमध्ये नाव शोधता येणार नाही.

१०८ वरून आठवलं, आणि हे लिहायला मला जड जातंय. माझे स्वतःचे वडील गेले तेव्हा आम्ही घरीच होतो, ते शांत होते, फक्त श्वास घरघरत होता. दूरच्या एका नातेवाइकाने फोनवर तो आवाज ऐकला आणि ‘ताबडतोब हलवा’ म्हणून सगळ्यांना उठवलं. मी स्वतः परिचारिका असून त्या गडबडीत नाही म्हणू शकले नाही. वडील बडनेऱ्याच्या अलीकडे, गाडीत गेले. आईला त्यांचा हात धरायलाही जागा नव्हती.

म्हणून हे आजच ठरवा, मामाजींची मान हलते आहे तोवर. त्यांनी तुम्हाला हात जोडून सांगितलंच आहे, पण ते यजमान आणि आत्याबाईंसमोर पुन्हा विचारा आणि भासऱ्यांना फोनवर ऐकवा. ‘मामाजी, काहीही झालं तरी घरीच राहायचं का?’ मग डॉक्टरांना विचारून ठेवा की शेवटच्या दिवसांत काय दिसेल. श्वास अडखळेल, घशात घरघर होईल, हातपाय गार पडतील. ती घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीत नसतो. कुशीवर वळवायचं, ओठ ओल्या कापडाने ओले करत राहायचं, जवळ बसायचं. त्या दिवसांत कुणालाही काही दाखवायला फोन समोर धरू नका.

आणखी एक, आणि हे लवकर. मामाजींना अजून थोडं तोंडातल्या तोंडात बोलता येत असेल, तर दुखणं कमी असेल अशा एका दुपारी फोनवर त्यांचा आवाज भरून ठेवा. विहीर कोणत्या साली खोदली, कोणत्या बैलजोडीवर जीव होता, असं काही. अस्पष्ट असेल तरी चालेल. त्यांच्या नातवंडांना तो कळेल. त्यांची इच्छा नसेल तर मात्र राहू द्या.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. रात्रभर जागून दिवसा पदर सावरत काम करताय. फार भरून आलं, झोप उडाली, कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर आहे, सरकारी आणि मोफत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. विहिरीच्या कडेला किंवा गोठ्यात, जिथे कुणी ऐकणार नाही तिथून लावा. नणंद, शेजारीण, कुणालाही रोज दुपारी दोन तास मामाजींजवळ बसायला मागा आणि तेवढा वेळ झोपा. वेचणीला माणूस मिळतो, तसा याला का मिळू नये?

पिन काढलीत, बोटं मोजलीत, यवतमाळला फोन झाला, की मला पुन्हा लिहा. मामाजी रात्री किती तास झोपले तेवढं कळवा, आणि तुम्ही किती झोपलात तेही.